हिरव्या खुणेखालची तारीख

15 मे 2017, सोमवार. पातूरच्या बसस्टँडपासून पायी जाण्याच्या अंतरावर एका सहकारी संस्थेचं कार्यालय आहे. त्याचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. शिपाई काका रोजच्यासारखे आधी माठ भरायला निघाले. माठ भरून झाला की ते रांगेनं सगळे संगणक चालू करून ठेवत, म्हणजे दहाला मंडळी आली की कोणाला खोळंबावं लागू नये. त्या दिवशी मी त्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलो होतो.

"काका, आज एकही बटन दाबू नोका."

"काहून रे भाऊ? लाईन तं हाय ना."

लाईन होती. इंटरनेटही होतं. भीती त्याचीच होती. आदल्या शुक्रवारी, 12 मेला, वॉनाक्राय जगभर सुटला होता. संगणकातल्या फायलींना कुलूप घालायचं आणि ते उघडण्यासाठी तीनशे डॉलरचे बिटकॉइन मागायचे, असा तो प्रकार. दोन-तीन दिवसांत दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक त्यात सापडले. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांनी रुग्ण परत पाठवले. तोवर आमच्या गिऱ्हाइकांना मी एकच गोष्ट सांगत आलो होतो, की अनोळखी मेल उघडू नका, कोणाचाही पेनड्राइव्ह लावू नका. वॉनाक्रायपुढे तो सल्ला अपुरा होता. जोडणीतला एक संगणक बाधला, की तोच पुढचे संगणक शोधत जायचा आणि विंडोजमध्ये फायली एकमेकांत वाटून घेण्याची जी जुनी सोय आहे, तिच्यातल्या भोकातून आत शिरायचा. माणसानं कशालाही हात लावायची गरज नव्हती. संगणक चालू असला आणि तारेला जोडलेला असला, की पुरे.

13 तारखेला दुसरा शनिवार होता, पुढे रविवार. म्हणून दोन दिवस सगळं बंद होतं. हे दोन दिवस मिळाले नसते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही.

ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलेलं होतं. हल्ल्याच्या 59 दिवस आधी. त्यामुळे त्या सकाळी प्रश्न एकच होता. या कार्यालयातल्या चौदा संगणकांत ते अपडेट बसलेलं आहे का? चौदापैकी नऊ विंडोज 7 चे, तीन एक्सपीचे, दोन नवे विंडोज 10 चे.

मी आलेगावकडचा. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. ती मोठा भाऊ पाहतो. मी एमएस-सीआयटी केलं, अकोल्यात हार्डवेअर शिकलो आणि 2009 मध्ये पातुरात छोटं दुकान टाकलं. तालुक्यातल्या दहा-बारा कार्यालयांच्या संगणकांची वर्षभराची देखभाल माझ्याकडे असते. शाळा आहेत, सेवा केंद्रं आहेत, एक-दोन सोसायट्या आहेत. बोलावणं येतं ते ठरलेल्या कारणांसाठी. प्रिंटर कागद ओढत नाही, यूपीएस शिट्टी मारतो, मराठी टाइप केलं की चौकोन उमटतात. "अपडेट आहे का ते पाहून जा" असं कोणी कधी फोन करून म्हटलेलं मला आठवत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "चालू हाय ना!" चालू असणं ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, अद्ययावत असणं दिसत नाही. ते पाहायला साधन लागतं.

साधन माझ्याजवळ होतं. मायक्रोसॉफ्टचंच एक तेव्हा फुकट मिळणारं तपासणीचं सॉफ्टवेअर, एमबीएसए. त्याची रीत समजायला अवघड नाही. एका बाजूला यादी असते, आजवर कोणकोणती सुरक्षा अपडेट निघाली त्यांची. दुसऱ्या बाजूला हा संगणक, त्यात काय काय बसलेलं आहे. साधन दोन्ही ताडून पाहतं. यादीत आहे आणि संगणकात नाही, तिथं लाल फुली. सगळं जुळलं तर हिरवी खूण. एका जागी बसून जोडणीतले सगळे संगणक एकामागून एक तपासता येतात, फक्त प्रत्येकाचा प्रशासक पासवर्ड हाती पाहिजे. इंटरनेट नसेल तर ती यादी एका मोठ्या फायलीच्या रूपात आधी उतरवून पेनड्राइव्हवर नेता येते. फाईल काही शे एमबीची. आमच्याकडच्या जोडणीवर ती दर वेळी उतरवणं म्हणजे अर्धा दिवस, म्हणून मी अकोल्याला गेलो की मित्राच्या दुकानातून ती घेऊन येत असे.

मी बाहेरची तार काढली, आतली जोडणी ठेवली. एकेक संगणक चालू केला, पेनड्राइव्ह लावला, तपासणी सुरू केली. बाहेर उन्हाचा ताव चढत होता. मे महिन्यात आमच्या भागात पारा 45 च्या वर जातो, सकाळी साडेदहालाच पत्रे तापतात. व्यवस्थापक साहेब दर दहा मिनिटांनी येऊन उभे राहत. बाहेर पासबुक हातात घेतलेल्या बाया सावलीला बसल्या होत्या. पेरणीआधीचे दिवस, बियाण्यासाठी ठेवी मोडायला लोक येत होते.

बाराच्या सुमारास निकाल हाती आला. विंडोज 7 चे नऊही संगणक, सुरक्षा अपडेटांपुढे हिरवी खूण. एक्सपीचे तिन्ही, हिरवी खूण. साधन विंडोज 10 साठी नव्हतंच, ते दोन मी हातानं पाहिले, त्यांत मार्च-एप्रिलचं सगळं होतं. मी साहेबांना म्हटलं, "सगळं बरोबर आहे. चालू करा." तार जोडली, दोन ग्लास पाणी प्यायलो आणि गाडीला किक मारली.

दुकानाच्या अलीकडच्या वळणावर मला आठवलं की मी अकोल्याला जानेवारीत गेलो होतो.

जानेवारीत उतरवलेल्या यादीत मार्चचं अपडेट असेल कसं? त्या यादीनं प्रत्येक संगणकाला विचारलं होतं, "जानेवारीपर्यंतचं सगळं आहे का?" आणि प्रत्येकानं खरं उत्तर दिलं होतं, "आहे." जानेवारीत वर्षाच्या देखभालीच्या वेळी मीच ती सगळी बसवली होती. साधन खोटं बोललं नव्हतं, संगणकही खोटं बोलले नव्हते. अहवालाच्या वरच्या भागात यादीची तारीख छापलेली होती. मी ती पाहिली नाही, कारण मी रंग पाहत होतो.

गाडी वळवली. आत गेलो आणि कोणाशी न बोलता आधी तार ओढली. कॅशच्या संगणकावर बसवलेल्या अपडेटांची यादी उघडली आणि 4012212 हा आकडा शोधला. विंडोज 7 साठीच्या त्या मार्चच्या अपडेटचा तो क्रमांक. नव्हता. ज्या मासिक गठ्ठ्यात तेच अपडेट येतं, त्याचाही क्रमांक नव्हता. दुसऱ्यावर नव्हता, तिसऱ्यावर नव्हता. नऊपैकी सात संगणकांत तो नव्हता. मी तार ओढेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ते सातही इंटरनेटला जोडून चालू होते.

काही झालं नाही. एकही फाईल गेली नाही. पण त्या चाळीस मिनिटांत संस्थेच्या सतराशे सभासदांच्या ठेवींचा हिशेब माझ्या एका "बरोबर आहे" या शब्दावर उघडा पडला होता, आणि ते मी अजून विसरलो नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "आता काय करा लागते ते सांगा," एवढंच म्हणाले, आणि दारावर पाटी लावली की कामकाज उद्या. बाहेरच्या बायांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एकीला घाट ओलांडून परत जायचं होतं, मेडशीच्या बाजूला. तिचं भाडं गेलं, दिवस गेला.

अपडेट स्वतः फार मोठं नव्हतं, वीस-तीस एमबीचं. माझ्या आणि भावाच्या फोनच्या डेटावर ते उतरवलं, नवी यादीही उतरवली. संध्याकाळपर्यंत सातही संगणकांत ते बसवलं. मग नव्या यादीनं पुन्हा सगळी तपासणी, आणि या वेळी आधी तारीख वाचली.

तेव्हा एक दुसरी गोष्ट ध्यानात आली, जी मला जास्त टोचली. साधनानं सकाळीच एक इशारा दिलेला होता. या सात संगणकांत आपोआप अपडेट होण्याची सोय बंद आहे, हे अहवालात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ती ओळ वाचली होती आणि पुढे गेलो होतो, कारण ती सोय मीच बंद केलेली होती. कार्यालयाचा डेटा पॅक महिन्याच्या आतच संपतो अशी तक्रार होती, म्हणून. आपल्याला कारण माहीत असलं की इशारा आपल्याला इशारा वाटत नाही.

आणि एक्सपी. त्या तिन्ही संगणकांवरची हिरवी खूण तर साऱ्यांत फसवी होती. एक्सपीसाठी सुरक्षा अपडेट काढणं मायक्रोसॉफ्टनं 8 एप्रिल 2014 लाच थांबवलं होतं. पुढच्या यादीत त्याच्यासाठी मागणंच काही नव्हतं, मग कमी काय दिसणार? वॉनाक्रायच्या वेळी कंपनीनं अपवाद म्हणून एक्सपीलाही एक अपडेट दिलं, ते मी बसवलं. पण त्या दिवसापासून ते तीन संगणक जोडणीतून काढले ते काढलेच. दोन भंगारात गेले. तिसऱ्यावर पासबुक छापायचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालायचा, त्याला दुसरा कोणताही संगणक ओळखेना. तो एकटा कोपऱ्यात राहिला, पेनड्राइव्हसुद्धा त्याचा वेगळा, लाल दोरा बांधलेला.

त्याच वर्षीच्या खरिपात आमच्या पट्ट्यात कापसावर गुलाबी बोंडअळी आली. अख्ख्या विदर्भानं ती पाहिली आहे. ही अळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड टवटवीत, हिरवंगार, झाड डवरलेलं, आणि फोडलं की आत सरकी खाल्लेली. बाहेरून कळत नाही म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. नरसाळ्यासारखा सापळा, आत मादीच्या वासाची गोळी, त्या वासानं नर पतंग येऊन खालच्या पिशवीत पडतात. निगराणीसाठी हेक्टरी पाच सापळे, आणि एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री पडले, की आता फवारणीची वेळ झाली असं समजायचं. कृषी विद्यापीठाच्या लोकांकडून हे आम्ही ऐकलेलं होतं. भावानं सापळे लावले होते. रोज सकाळी जाऊन पाहायचा, पिशवीत एखादा पतंग, कधी तोही नाही. तो निश्चिंत होता.

दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा शेतात जागोजागी डोमकळ्या दिसत होत्या, फुलाच्या पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. मी चार बोंडं फोडली, तिनांत अळी. "अरे, पण सापळ्यात तं काहीच नाही," भाऊ म्हणत होता. मी सापळ्याची गोळी काढून पाहिली. मागच्या हंगामाची होती. ठरावीक दिवसांनी ती बदलावी लागते, नाहीतर वास उडून जातो. सापळा जागेवर होता, पिशवी रिकामी होती, आणि भाऊ रोज ती रिकामी पिशवी पाहून समाधानानं घरी येत होता.

मी बांधावर बसलो. त्याला काही बोललो नाही. मे महिन्यात मीही तेच केलं होतं.

त्यानंतर मी एक रजिस्टर केलं. साधं, दोनशे पानी. प्रत्येक कार्यालयाला काही पानं, प्रत्येक संगणकाला एक ओळ, आणि तपासणीच्या दिवशी दोन तारखा लिहायच्या. एक, मी तपासलं ती. दुसरी, ज्या यादीशी ताडलं तिची. दोन्हींत महिन्याहून जास्त अंतर असेल तर ती तपासणी धरायचीच नाही. मायक्रोसॉफ्टची ठरलेली अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, 2003 पासून ही त्यांची पद्धत आहे. आपल्याकडे ती मंगळवारी रात्री किंवा बुधवारी दिसतात. म्हणून माझी फेरी दुसऱ्या मंगळवारनंतरच्या आठवड्यात. विंडोज 10 वर तर वेगळं साधन लागतही नाही. अपडेटचा पडदा उघडला की हिरवी खूण असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, शेवटचं कधी तपासलं ते. सगळे खूण पाहतात. मी प्रत्येक कार्यालयात बोट ठेवून ती बारीक ओळ दाखवू लागलो.

रजिस्टर भरत गेलं तसं कळत गेलं की संगणक मागे पडण्याची कारणं बहुतेक वेळा फार साधी असतात. एका शाळेतला संगणक कितीही केलं तरी अपडेटशी बोलेना. पडद्यावरची तारीख पाहिली तर 2009 च्या जानेवारीत अडकलेली. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो मेला, की लाईन गेली रे गेली की संगणक आपल्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. ज्याच्या घड्याळात 2009 आहे त्याला आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो जोडणी नाकारतो. पंचवीस-तीस रुपयांचा सेल. मास्तरांनी त्याच्यासाठी नवा संगणक मागवायचा अर्ज लिहून ठेवला होता.

एका सेवा केंद्रात पोरगा फोनचा हॉटस्पॉट लावून काम करायचा. डेटा वाचावा म्हणून त्यानं जोडणी "मीटर्ड" करून ठेवली होती. अशा जोडणीवर विंडोज बहुतेक अपडेट उतरवतच नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं, सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्यांच्या दिवसांत त्याचा दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपायचा. आम्ही ठरवलं, महिन्यातून एका रात्री तो संगणक माझ्या दुकानात आणायचा. गेली कित्येक वर्षं तो आणतो. कधी मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळून.

आणखी एका ठिकाणी सी ड्राइव्हमध्ये जागाच नव्हती. लग्नाचे व्हिडिओ होते.

पण रजिस्टरनं माझ्याकडून एक चूकही करवून घेतली, आणि ती यंत्राच्या चुकांपेक्षा मोठी होती. त्याच सहकारी कार्यालयात 2018 मध्ये साहेब म्हणाले, यादी भिंतीवर लावा, म्हणजे सगळ्यांना शिस्त लागेल. मी छापून लावली. माझ्या यादीत संगणकांना नावं होती ती माणसांची, कारण मला तशीच सोपी पडत. कॅशवाल्या ताईंच्या नावापुढे सलग तीन महिने लाल फुली आली. लोक येता-जाता ती पाहत. पिग्मी एजंटसुद्धा हसत.

चौथ्या महिन्यात मी गेलो तेव्हा ताईंनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. "भाऊ, तुम्ही येता, अन् शिक्षा मले होते," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम बंद करतो का ते? मार्च एंडले माझी रोजकीर्द जुळत होती, बारा रुपयांचा फरक काढत होती मी रात्री नऊपर्यंत, अन् ते आपोआप बंद होऊन चालू झालं. मंग 'बंद करू नका, बंद करू नका' म्हणत बसलं पाऊण घंटा. बाहेर अंधार. घरी पोरगी एकटी. तुमाले सांगू, त्या दिवशी मी ठरवलं, याले अपडेट होऊच देयाचं नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी अपडेट पुढे ढकलायचं बटन शोधून काढलं होतं आणि महिन्याला ते दाबत होत्या. साधनाला फुली दिसत होती, फुलीमागे रात्री नऊ वाजता एकटं घर होतं हे साधनाला दिसणं शक्य नव्हतं. मला दिसायला हवं होतं. मी यादी काढून घेतली. पुढच्या वेळेपासून संगणकांना आकडे दिले, कॅशचा संगणक झाला सहा नंबर. आणि ताईंबरोबर बसून वेळ ठरवली. चौथ्या शनिवारी सकाळी, साहेबांची परवानगी घेऊन, मी येईन, यूपीएसची बॅटरी आधी पाहीन, अपडेट मी लावीन आणि संगणक परत पूर्ण उभा राहीपर्यंत मी जाणार नाही. मार्चचं अपडेट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, त्याआधी नाही. मार्चभर त्या संगणकाला जोखीम राहते, हे त्यांना सांगितलं आणि साहेबांनाही लेखी दिलं. त्यांनी ते मान्य करून सही केली. सहा नंबरवर पुन्हा फुली आली नाही.

या कामात मला लोक विचारतात, की अपडेट म्हणजे नेहमी चांगलंच ना? नाही. वॉनाक्रायनंतर दीड महिन्यानं, 27 जून 2017 ला, नॉटपेट्या आला, आणि तो पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. त्या दिवशी मायर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बसले आणि न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका अपडेटनं मुंबईशेजारचे कंटेनर अडकले. पुढे 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. त्या दिवशी माझा फोन सकाळपासून वाजत होता, पातुरात ते सॉफ्टवेअर कोणाकडेच नव्हतं, तरी.

म्हणून मी प्रत्येक कार्यालयात एक संगणक आधी अपडेट करतो, जो अडला तरी कोणाचं अडणार नाही असा. तीन दिवस त्यावर पासबुक छापून पाहायचं, मराठी टाइप करून पाहायचं, जुनी अक्षरं चौकोन होत नाहीत ना, अहवाल निघतो ना. मग बाकीचे. तीन दिवस वाट पाहणं आणि 59 दिवस विसरून जाणं यांत फरक आहे, आणि तो फरक मी गिऱ्हाइकांना समजावून सांगत आलो आहे, कधी कंटाळा येईपर्यंत.

विंडोज 7 ची मुदत 14 जानेवारी 2020 ला संपली, संक्रांतीच्या आसपास. त्याआधी सहा महिने मी साहेबांच्या मागे होतो, आणि संस्थेनं जोडणीतले सगळे संगणक विंडोज 10 वर नेले. आता विंडोज 10 चीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. या वेळी गोष्ट अवघड आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यासाठीही तपासणीचं साधन आहे, पीसी हेल्थ चेक. मी ते जोडणीतल्या सगळ्या संगणकांवर चालवलं. पाच पास झाले. नऊंवर उत्तर आलं की हा संगणक अटी पूर्ण करत नाही. त्या नऊंतले सहा रोज नीट चालतात, एकाचीही तक्रार नाही. ज्या चिपचं नाव संचालक मंडळानं कधी ऐकलं नाही तिच्यासाठी नऊ संगणक बदला, हे मी त्या सभेत उभं राहून सांगितलं. एक वयस्कर संचालक म्हणाले, "आमचा बैल चांगला चालते अन् तुमी म्हणता नाल नाही म्हणून विका." त्यांचं दुःख मला समजलं. संस्थेचा पैसा सभासदांच्या घामाचा आहे, आणि पावसानं सोयाबीन हातचं गेलेल्या वर्षी नऊ संगणकांचा खर्च हा थोडा आकडा नाही.

मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. कंपनी पैसे घेऊन वाढीव मुदतीची सुरक्षा अपडेट देते, कार्यालयांना पहिल्या वर्षी संगणकामागे 61 डॉलर, आणि दर पुढच्या वर्षी ही रक्कम दुप्पट होत जाते. ज्या संगणकांवर पैशाचा व्यवहार होतो त्या चारांसाठी नवे घ्या, दोघांसाठी वाढीव मुदत घ्या, उरलेले तीन जोडणीतून काढून फक्त पत्रं टाइप करायला ठेवा. दीड तास चर्चा झाली. चार नवे घेण्याचा ठराव झाला. वाढीव मुदतीचा विषय पुढच्या सभेवर गेला. तो अजून व्हायचा आहे, आणि त्या दोन संगणकांच्या ओळीपुढे रजिस्टरात मी दर महिन्याला तारीख लिहितो, जशी आहे तशी.

सहा नंबर या चारांत नाही. ताईंनीच नको म्हटलं. त्यांच्या निवृत्तीला आता थोडे महिने राहिलेत, नव्या यंत्रावर नव्यानं बोटं बसवायची नाहीत म्हणाल्या. मग तो वाढीव मुदतीच्या दोघांत धरला.

परवा सकाळी साडेनऊला त्यांचा फोन आला.

"भाऊ, सहा नंबरवर हिरवी खूण हाय. पण खालची तारीख पाहून राह्यली मी, ती काही जुळत नाही."

"किती दिवसांआधीची आहे?"

"आधीची नाही ना. पडद्यावरच्या घड्याळापेक्षा पुढची दाखवते. म्हणजे आता घड्याळ मागं गेलं असन. रातच्याला लाईन गेल्ती इकडे. तुम्ही येतानी तो नाण्यावानी सेल घेऊन येजा."

सेल दुकानात होते. एक काढला, पुडीवर छापलेली मुदत वाचली आणि निघालो.